प्रेम, रहस्य आणि प्रार्थना : कादंबरीचं बी वारणाकाठी कुठं सापडतं?

लहान गाव, गावातलं चर्च, एकमेकांत जीव गुंतलेली दोन माणसं आणि कुणीतरी दडपून ठेवलेली जुनी गोष्ट. एवढ्या भांडवलावर अमेरिकेत कादंबऱ्यांचा एक अख्खा प्रकार उभा आहे. तिथं प्रेमकथा, रहस्यकथा आणि ख्रिस्ती श्रद्धा एकाच पुस्तकात नांदतात. ‘लव्ह इन्स्पायर्ड सस्पेन्स’ ही या प्रकाराला वाहिलेली मालिका २००५ पासून निघते. आता अशी कादंबरी कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगर-कोडोलीच्या परिसरात घडवायची म्हटली, तर कल्पना मिळतील कुठून? मिळतील, आणि भरपूर मिळतील. काही कादंबरीकारांच्या वहीतून, काही इतिहासातून आणि काही थेट उसाच्या फडातून. ही घ्या यादी.

१. सुरुवातच इथून झाली आहे

मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं, ती ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली आली. लिहिली बाबा पदमनजींनी. जन्म बेळगावचा, १८३१ चा. १८५४ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. यमुना आणि विनायक हे जोडपं प्रवासाला निघतं आणि वाटेत त्यांना एकेका विधवेची कहाणी कळत जाते. पदमनजींनी आजूबाजूच्या बायकांचं खरं दुःख गोळा केलं आणि प्रवासाच्या धाग्यात ओवलं. प्रेम, मृत्यू, श्रद्धा आणि शेवटी पुनर्विवाह, सगळं त्यात आहे. म्हणजे लहान गावांतल्या ख्रिस्ती प्रेमकथेची वाट मराठीला नवी नाही. मराठी कादंबरी त्याच वाटेनं चालत आली आहे.

२. आगगाडीत भेटलेला अनोळखी माणूस

१८९३ साली नारायण वामन टिळक आगगाडीतून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. गप्पा रंगल्या. उतरताना त्यानं ‘नवा करार’ हातात दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत केलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला! त्या प्रवाशाचं नाव टिळकांना कधीच कळलं नाही. घरी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. नवरा-बायकोत काही वर्षांचा दुरावा पडला, मग पुन्हा एकत्र संसार झाला आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालं. नवऱ्यावर जीव आहे, पण त्याचा निर्णय मान्य नाही, ही ओढाताण त्यात पानोपानी आहे. प्रेमकथेत नायक-नायिकेला वेगळं करायला खलनायक लागतोच असं नाही, हे या पुस्तकातून शिकावं.

३. वारणानगरच्या शेजारीच कोडोली

रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. पुढं प्रेस्बिटेरियन मिशननं कोल्हापूर, पन्हाळा, सांगली, मिरज अशी ठाणी उभी केली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांत कोडोलीची भर पडली. वारणानगरच्या साखर कारखान्याची चिमणी उभी राहिली त्याच्या कितीतरी आधी इथं उपासनेला मंडळी जमत होती. कादंबरीकारानं इथं तीन ठिकाणं धुंडाळावीत. पहिलं, चर्चचं दप्तर : बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी. दुसरं, दफनभूमीतल्या पाट्या. तिसरं, मंडळीतली वयस्कर माणसं. नोंदवहीत बाप्तिस्म्याची तारीख आहे, पण बापाच्या नावाची जागा कोरी आहे, अशी नुसती कल्पना करा. तीनशे पानं तिथूनच सुरू होतात.

४. संध्याकाळी सातच्या आत लग्न!

भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आहे. या कायद्याप्रमाणे लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळातच लावायचं असतं. खास परवाना किंवा परवानगी असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय लग्नाची आगाऊ सूचना द्यायची आणि कुणाची हरकत असेल तर ती मांडायला वाव ठेवायचा, अशीही पद्धत आहे. रहस्यकथाकाराला याहून काय हवं? घड्याळ सरकारनंच लावून दिलं आहे. पाळकसाहेब ताटकळत उभे आहेत, वऱ्हाडी पुन्हा पुन्हा फाटकाकडं बघतायत, नवरदेवाचा फोन लागत नाही, आणि सहा वाजून चाळीस मिनिटं झालीत. शेवटच्या बाकावरून एक बाई उठते आणि म्हणते, ‘माझी हरकत आहे.’ वाचक पुस्तक खाली ठेवेल का?

५. उसाचा फड : सप्टेंबरात पडदा, जानेवारीत मैदान

गणपतीच्या सुमारास फडात शिरून बघा. ऊस डोक्याच्या कितीतरी वर गेलेला असतो. पानांच्या कडा हाताला करकरून लागतात, खाली पाचटाचा थर असतो आणि चार सऱ्या आत गेलं की बांधावरचा माणूस दिसेनासा होतो, फक्त त्याची हाक ऐकू येते. वारं सुटलं की तीही नाही. अशा ठिकाणी काहीही लपतं. बिबट्यासुद्धा उसातच पिलं घालतो. मग हंगाम सुरू होतो, तोडणीची टोळी येते आणि दोन दिवसांत तोच फड सपाट होतो. म्हणजे पावसाळ्यात लपवलेली वस्तू हिवाळ्यात आपोआप उघडी पडणार, हे आधीच ठरलेलं. ती टोळीच्या हाती लागेल की मालकाच्या, एवढंच लेखकानं ठरवायचं. टोळीत नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. मुकादम उचल घेतो आणि टोळी न आणताच पसार होतो, असंही होतं. प्रेमाचा धागा आणि फसवणुकीचा धागा एकाच खोपीत सापडतो.

६. वजनकाट्याची पावती बोलते

तात्यासाहेब कोरे यांनी सहकारातून वारणानगर उभं केलं : साखर कारखाना, दूध संघ, शाळा, कॉलेज, बाजार, मुलांचा वाद्यवृंद. १९९८ मध्ये इथं देशात गाजलेला ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प आला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे ७० गावं संगणकानं जोडली गेली आणि उसाची नोंद, तोडणीचा क्रम, वजन, बिल यांची माहिती गावातच मिळू लागली. लंडनच्या रहस्यकथेत रेल्वेचं तिकीट पुरावा ठरतं. वारणेच्या रहस्यकथेत वजनकाट्याची पावती ठरेल : गाडीचा नंबर, वजन आणि वेळ. ‘त्या रात्री मी घरी झोपलो होतो,’ असं सांगणाऱ्याची गाडी पहाटे पावणेतीनला काट्यावर उभी होती, एवढं कळलं की पुरे.

७. एक नदी, दोन जिल्हे

वारणा सह्याद्रीत उगम पावते, चांदोलीच्या धरणातून खाली येते आणि सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. वाटेत बराच पल्ला ती कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांची हद्द होऊन वाहते. नदीत गाठोडं सापडलं तर तपास कुणाचा? एका काठाला एक पोलीस ठाणं, दुसऱ्या काठाला दुसरं. त्यात कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. पावसाळ्याआधी त्यांचे बरगे काढतात, पाणी वाढलं की बंधाराच पाण्याखाली जातो आणि समोर दिसणाऱ्या गावाला जायला लांबचा वळसा पडतो. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर या भागानं भोगलेत. इंग्रजी रहस्यकथेत बर्फात अडकलेला बंगला असतो, आपल्याकडं पुरानं वेढलेलं गाव आहे. मात्र त्या पुरात माणसांनी घरं आणि जनावरं गमावली आहेत. लेखकानं त्या दुःखाची जाण ठेवून लिहावं.

८. शिक्षक वसाहतीतली रोकड

लहान गावात काय घडणार, असं म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं. २०१६ मध्ये मिरजेत एका घरात कोट्यवधींची रोकड सापडली. धागा निघाला वारणानगरच्या शिक्षक वसाहतीत. पैसे तिथून चोरीला गेले होते. पुढं २०१७ मध्ये तपासासाठी आलेल्या सांगलीच्या पोलिसांवरच त्यातले नऊ कोटींहून अधिक रुपये लाटल्याचा आरोप झाला आणि गुन्हा नोंदवला गेला. अशी कलाटणी कल्पनेतून लिहिली असती, तर संपादकानं ‘पटत नाही’ म्हणून परत पाठवली असती. खऱ्या घटनेतून नावं घ्यायची नसतात, प्रश्न घ्यायचा असतो. इथं तो असा : ज्याच्यावर भरवसा ठेवायचा तोच संशयित निघाला, तर सामान्य माणसानं कुणाकडं जायचं?

९. दीड दिवसाची शाळा आणि वारणेचं खोरं

अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा. शाळा दीड दिवसाची. पण घरात आणि गावात ऐकलेलं सगळं डोक्यात पक्कं. त्यांच्या जन्माच्या वेळी फकिरा या बंडखोरानं आईच्या ओंजळीत सुरती रुपये घातले, ही आठवण त्यांच्या चरित्रात सांगितली जाते. त्याच फकिरावर त्यांनी १९५९ मध्ये ‘फकिरा’ लिहिली आणि १९६१ मध्ये तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. ‘वारणेचा वाघ’ सत्तू भोसले या बंडखोरावर आहे. ‘वारणेच्या खोऱ्यात’ मध्ये बेचाळीसच्या चळवळीच्या धामधुमीत हिंदुराव आणि मंगला यांचं प्रेम फुलतं. प्रेम आणि थरार या नदीकाठी एकत्र नांदू शकतात, हे अण्णा भाऊंनी आधीच दाखवून दिलं आहे.

१०. मिशन दवाखाना : जिथं सगळ्यांची गाठ पडते

डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत मिशनचं रुग्णालय उभारलं आणि तिथं दूरदूरहून रुग्ण येऊ लागले. नारायण राजहंस या मुलाला कानाच्या उपचारासाठी शाहू महाराजांनी तिथंच पाठवलं. त्याच मिरजेत त्याची किर्लोस्कर नाटक मंडळीशी गाठ पडली आणि महाराष्ट्राला बालगंधर्व मिळाले. जात, पैसा, धर्म विसरून माणसं एका बाकावर बसतात ती जागा म्हणजे दवाखाना. अगाथा ख्रिस्तीनं पहिल्या महायुद्धात दवाखान्याच्या औषधविभागात काम केलं. विषांची माहिती तिला तिथं मिळाली आणि १९२० मध्ये तिच्या पहिल्याच कादंबरीत स्ट्रिक्निननं खून झाला. आपल्या कादंबरीची नायिका मिशन दवाखान्यातली परिचारिका असेल, तर गावातली निम्मी गुपितं तिच्याकडं चालत येतील.

११. पाळकांना माणसं कळतात

इंग्रज लेखक जी. के. चेस्टरटनची फादर जॉन ओकॉनर या धर्मगुरूंशी ओळख झाली. साधा, शांत माणूस. पण गुन्ह्याबद्दल, माणसाच्या मनातल्या काळोखाबद्दल त्यांना चेस्टरटनपेक्षा कितीतरी जास्त माहीत होतं. एकदा मात्र दोन विद्यार्थी त्यांच्याबद्दल म्हणाले की, धर्मगुरूंना बाहेरच्या जगातली पापं काय ठाऊक! त्या विरोधाभासातून गुन्ह्यांचा छडा लावणारा धर्मगुरू ‘फादर ब्राऊन’ जन्मला आणि १९११ मध्ये त्याचं पहिलं पुस्तक आलं. आपल्याकडचे पाळकही आजाऱ्याच्या उशाशी बसतात, भांडणं मिटवतात, मरणाऱ्याचं शेवटचं बोलणं ऐकतात. समजा, पाळकांना गुन्हेगार कळला आहे, पण विश्वासानं सांगितलेली गोष्ट ते उघड करू शकत नाहीत. श्रद्धा आणि सत्य यांची अशी गाठ पडली की कादंबरीला उंची येते.

१२. आधी जागा, मग गोष्ट

इंग्रज रहस्यकथालेखिका पी. डी. जेम्स यांना कादंबरी सुचायची ती जागेवरून. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर उभ्या असताना एका बाजूला जुना समुद्र आणि दुसऱ्या बाजूला अणुवीज केंद्राची अजस्र इमारत दिसली. त्यातून १९८९ ची ‘डिव्हायसेस अँड डिझायर्स’ आली. डोरोथी सेयर्सचे वडील धर्मगुरू. तिनं १९३४ मध्ये गावच्या चर्चमधल्या घंटांभोवतीच रहस्य गुंफलं. आपल्याकडं एका नजरेत काय काय येतं बघा : कारखान्याची चिमणी, चर्चचा क्रूस, नदीकाठचा ऊस आणि मागं पन्हाळा. गडावरची अंधारबाव ही तीन मजली विहीर चोरवाटेसह आजही उभी आहे. जागा तयार आहे, पात्रं आत सोडायची आहेत.

१३. बारा दिवसांचं कथानक

तात्यासाहेब कोरे यांच्या स्मृतिदिनी, १३ डिसेंबरला, वारणानगरात कुस्त्यांचं मोठं मैदान भरतं. नाताळ २५ ला. म्हणजे बारा दिवसांनी. ऊसतोड भरात, रस्त्यावर रात्रभर ट्रॅक्टर, चर्चमध्ये ख्रिस्तजन्माच्या गाण्यांचा सराव, घरोघरी करंज्या आणि केक. कुस्तीच्या गर्दीत एक माणूस बेपत्ता होतो आणि नाताळच्या उपासनेत सत्य बाहेर येतं. प्रकरणं किती? बारा! गावच्या दिनदर्शिकेनंच आराखडा आखून दिला आहे.

१४. कल्पना कुणाला कुठं भेटली?

आजऱ्याच्या शिवाजी सावंतांना कर्ण भेटला शाळेच्या नाटकात. ‘मृत्युंजय’ १९६७ मध्ये आली. विभावरी शिरूरकरांनी सोलापूरच्या गुन्हेगार वसाहतीत काम केलं आणि १९५० मध्ये ‘बळी’ लिहिली. नाथमाधव शिकारीला गेले असताना सिंहगडावरून पडले, अंथरुणाला खिळले, तिथं वाचता वाचता कादंबरीकार झाले. कॅथरीन मार्शल यांनी आपल्या आईच्या तरुणपणच्या आठवणी लिहून काढल्या. डोंगरातल्या गरीब वस्तीत शिकवायला गेलेल्या मुलीची ती गोष्ट म्हणजे १९६७ ची ‘क्रिस्टी’. ख्रिस्ती कादंबऱ्यांना अमेरिकेत दिला जाणारा पुरस्कार आज याच नावानं ओळखला जातो.

१५. जाहीर नोटीस वाचता का?

स्थानिक वर्तमानपत्रातल्या बारीक टायपातल्या जाहिराती हा न आटणारा झरा आहे. ‘सदर मिळकतीवर कुणाचा हक्क असल्यास मुदतीत कागदपत्रांसह कळवावे.’ ‘अमुक व्यक्तीशी आमचा काहीही संबंध उरलेला नाही.’ ‘नावात बदल.’ प्रत्येक नोटिशीमागं एक घर, एक भांडण आणि बऱ्याचदा एक प्रेम असतं. नोटीस कापून ठेवा, नावं खोडा, आणि स्वतःला एकच विचारा : ही छापायला देताना त्या माणसाचा हात थरथरला असेल का?

१६. त्र्याहत्तर वह्या

अगाथा ख्रिस्तीच्या ७३ वह्या मागं राहिल्या. त्यांत खुनाच्या कल्पनांशेजारी खरेदीच्या याद्या आहेत. कुठलीही वही, कुठलंही पान; सुचलं की टिपलं. कल्पना मोठी यावी म्हणून ती थांबली नाही. एसटी स्टँडवर ऐकलेलं अर्धं वाक्य, बाजारात भाव करता करता अचानक गप्प झालेली बाई, उपासनेला दर रविवारी उशिरा येऊन लवकर निघून जाणारा माणूस : एवढं टिपलं तरी महिन्याभरात वही भरते.

लहान गावात प्रत्येकाला प्रत्येकाचं माहीत असतं, म्हणूनच तिथं लपवलेली गोष्ट जास्त मोलाची ठरते, आणि प्रेम आणि श्रद्धा यांची परीक्षाही तिथं जास्त कडक होते. वारणा-कोडोलीच्या तरुण लिहित्यांना म्हणून एवढंच सांगणं आहे : मुंबई-पुण्याच्या गोष्टी लिहायला तिथं लोक आहेत. तुम्ही येत्या रविवारी उपासनेनंतर मंडळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजींजवळ बसा, त्यांच्या लग्नाची गोष्ट विचारा, आणि घरी आल्या आल्या लिहून काढा. ही माणसं आहेत तोवर विचारा.